खांद्यावरचा भार आणि गोमुखासन

विरारहून मुंबईसाठीं उपनगरी गाडी १८६७ सालीं सुरू झाली, आणि आज वसई-विरारच्या असंख्य कुटुंबांचा दिवस त्या गाडीच्या वेळेवर चालतो. चर्चगेटपर्यंत सुमारें ६० किलोमीटर. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यानें पिशवी छातीशीं धरलेली, मान मोबाइलवर वांकलेली. घरीं ओट्यापाशीं राबणाऱ्या गृहिणीचे खांदेहि असेच पुढें ओढले जातात. पुरुषानें खांदा दुखतो म्हटलें कीं सारें घर तेल तापवूं लागतें. सूनबाई मात्र वेणी घालतांना हात वर जाईनासा झाला तरी ‘कांहीं नाहीं’ म्हणून कामाला लागते. ह्या न बोललेल्या दुखण्यासाठींच आम्ही गोमुखासनाविषयीं चार शब्द लिहीत आहों.

हठप्रदीपिकेंत ह्या आसनांतील केवळ पायांची ठेवण सांगितली आहे. पाठीमागें हात गुंफण्याची रीत मागाहून रूढ झाली. खांद्यांसाठीं आपणांस हातांचाच भाग पुरे. म्हणून मांडी घालून बसावें, अथवा गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर.

पाठ सरळ ठेवून उजव्या खांद्यावरून एक पंचा पाठीवर सोडावा. उजवा हात वर नेऊन कोपरांत वांकवावा व पंचा धरावा; डावा हात खालून पाठीमागें नेऊन त्याचें खालचें टोक धरावें. मग हात एकमेकांकडे सुखानें जातील तेवढेच सरकवावेत. मान झुकूं देऊं नये, बरगड्या पुढें काढूं नयेत. चार-पांच संथ श्वास घेऊन हात सोडावेत व बाजू बदलावी. वरच्या हाताच्या दंडाची मागची बाजू व कांख मोकळी होते. खालच्या हाताच्या खांद्याची पुढची बाजू व छाती. एक बाजू दुसरीपेक्षां अधिक आखडलेली आढळल्यास नवल नाहीं.

बोटें जुळलींच पाहिजेत असा हट्ट नसावा. पतंजलींनीं आसनाची कसोटी सांगितली ती स्थैर्य आणि सुख एवढीच. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनीं पट्टा, ठोकळा, खुर्ची यांच्या साहाय्यानें आसनें शिकविलीं. मग पंच्याची लाज कसली? योगेंद्रजींनीं १९१८ सालीं वर्सोव्यास काढलेली व पुढें आमच्याच गाडीच्या वाटेवर सांताक्रूझला आलेली योगसंस्थाहि संसारी माणसांसाठींच आहे.

मात्र हात बधिर होत असेल, दुखण्यानें झोंप मोडत असेल, किंवा खांदा दिवसेंदिवस आखडत असेल, तर आधीं डॉक्टरांस दाखवावें. मधुमेह असणारांनीं तर विशेष जपावें. चालतांना छाती भरून येऊन दुखणें हातांत उतरत असेल, तर क्षणाचाहि विलंब नको.

हें सारें पांच मिनिटांचें काम आहे. पण तीं पांच मिनिटें सूनबाईला मिळणार कोठून? संध्याकाळीं कुकरच्या शिट्या सासऱ्यांनीं मोजल्या, पानें मुलांनीं घेतलीं, तर कोणाचा मोठेपणा कमी होत नाहीं. पंचा घरांत आहेच. तेवढी सवड घरानें तिला द्यावी.