घंटा वाजवायची कोणी?

शाळेची इमारत : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण शाळेतल्या वीजजोडणीपाशी थांबलो होतो. संगणक कक्षात एकाच प्लगवर लोंबणाऱ्या वायरी, पावसाळ्यात भिंतीत मुरणारं पाणी, झाकण गेलेले स्विचबोर्ड हे सगळं पाहून झालं. आता पुढचा प्रश्न. ठिणगी पडलीच, तर शाळेला ते कळणार कसं? आणि कळलं, तर पहिली घंटा कोणी वाजवायची?

मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, आणि तो का, हे शिकागो शहरातल्या एका शाळेने फार मोठी किंमत मोजून सांगितलं आहे. १ डिसेंबर १९५८ च्या दुपारी 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या शाळेच्या तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपाने पेट घेतला. जिना लाकडी होता. खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी दार होतं, त्यामुळे धूर तिथे अडला. वरच्या मजल्यावर तसं दार नव्हतं. धूर सरळ व्हरांड्यात शिरला. एका शिक्षिकेला वास आला. पण धोक्याची घंटा मुख्याध्यापिकेच्या परवानगीनेच वाजवायची, अशी तिथली रीत. परवानगी घ्यायला कार्यालयात जावं, तर मुख्याध्यापिका दुसऱ्या शिक्षिकेच्या जागी वर्गावर गेलेल्या. अखेर त्या शिक्षिकेने आपली मुलं बाहेर काढली आणि मग घंटेचा खटका ओढला. पहिल्या वेळी घंटा वाजलीच नाही. दुसऱ्या वेळी वाजली, तोवर वरच्या मजल्यावरची वाट बंद झाली होती. शिवाय ती घंटा फक्त शाळेतच वाजत होती, अग्निशमन दलापर्यंत पोहोचत नव्हती. ९२ मुलं आणि ३ नन शिक्षिका त्या आगीत गेल्या.

तिथे शिस्त होती, शिक्षिका कर्तव्यदक्ष होत्या, घंटाही होती. मिनिटं गेली ती परवानगीच्या शोधात.

आता आपल्याकडे पाहा. रत्नागिरी शहरातली मोठी शाळा घ्या किंवा संगमेश्वर, लांज्याकडची वाडीवरची. घंटा म्हणजे शिपायाचं काम आणि मुख्याध्यापकांचा अधिकार. अजूनही कितीतरी ठिकाणी व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला असतो आणि त्यावर टोल पडतात. मुलाने गंमत म्हणून एक टोल दिला, तर त्याला ओरडा बसतो. रोजच्या दिवसासाठी ही शिस्त योग्यच आहे. पण त्यातून मुलाच्या मनावर ठसतं ते एवढंच, की घंटेला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातून धूर येताना पहिल्यांदा दिसेल तो पाणी प्यायला बाहेर आलेल्या सहावीतल्या मुलीला. ती काय करील? सरांना शोधत जाईल.

भिंतीवरची लहानशी लाल चौकोनी पेटी नेमकी यासाठी असते. फायर अलार्मचं काम करणारे तिला 'एमसीपी' म्हणतात, म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंट. काच दाबायची किंवा फोडायची, की हूटर सुरू. तिला किल्ली नाही, कुलूप नाही, हुद्दा नाही. भारतीय मानकाप्रमाणे ती जमिनीपासून साधारण १.४ मीटर उंचीवर बसवतात, म्हणजे मोठ्या मुलाचा हात सहज पोहोचतो. शिकागोच्या त्या शाळेत खटका सहा फुटांवर होता. आपल्याकडच्या काही शाळांत ही पेटी बसवलेली दिसते, पण मुलं खोडसाळपणा करतील म्हणून ती कार्यालयाच्या आत, नाहीतर जाळीच्या कुलूपबंद दाराआड असते. खोट्या घंटेचा त्रास खरा आहे, मला तो मान्य आहे. तरी वर्षातून दोनदा उगाच मैदानात यावं लागलं, तर दोन तास बुडतील, इतकंच. पेटी व्हरांड्यातच हवी.

पेटीमागची यंत्रणाही समजून घेऊ. पॅनेल हे तिचं मुख्य ठिकाण, आणि ते बहुधा २४ व्होल्टवर चालतं. वीज गेली तर बॅटरी ते सांभाळते. पॅनेलमधून निघालेली तार एकेका मजल्यावरच्या डिटेक्टरांना आणि पेट्यांना जोडत जाते आणि तिच्या शेवटच्या टोकाला एक छोटा रोध लावलेला असतो. त्यातून सतत थोडा प्रवाह वाहत राहतो. तार कुठे तुटली, कुठे गंजून सुटली, की प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर पिवळा दिवा लागून बझर वाजू लागतो. आग लागलेली नसते. आग लागली तर मला कळणार नाही, असं यंत्र सांगत असतं. आणि इथेच आपल्याकडे घात होतो. बझरचा आवाज डोक्याला ताप म्हणून कोणीतरी 'सायलेन्स'चं बटण दाबतं आणि पिवळा दिवा महिनोन्महिने तसाच जळत राहतो. शाळेत गेलात तर पालकांनी पहिल्यांदा पॅनेल पाहावं. हिरवा दिवा आहे की पिवळा, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही.

धूर ओळखणारा डिटेक्टर आतून काळोखी डबी असतो. त्यात प्रकाशाची तिरीप एका बाजूला आणि ती पाहणारा डोळा वेगळ्या कोनात. एरवी तिरीप डोळ्यावर पडत नाही. धुराचे कण शिरले की प्रकाश विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि घंटा होते. पण त्या डबीला धूर आणि इतर बारीक कण यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हवा पाण्याने जड झालेली असते, दव धरतं, चिलटं आणि कोळी डबीत घर करतात. समुद्राजवळच्या शाळेत खाऱ्या वाऱ्याने जोडण्यांवर हिरवा गंज चढतो. एकतर यंत्र उगाच ओरडतं, नाहीतर मुकं होतं. म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक डिटेक्टर उघडून साफ करणं इथे पुण्या-नागपूरपेक्षा जास्त गरजेचं आहे. आहार शिजतो त्या खोलीत धुराचा डिटेक्टर लावूच नये. पहिल्या फोडणीला तो वाजेल आणि आठवडाभरात कोणीतरी त्याची तार काढेल. तिथे उष्णता ओळखणारा लावतात, जो ६० अंश सेल्सियसच्या आसपास जागा होतो.

चिपळूणच्या लोकांना पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं पाण्याखाली गेलं. पॅनेल, बॅटरी, पंपाचा स्टार्टर यांची जागा ठरवताना पुराची रेषा आधी पाहायची.

आता आवाजाबद्दल. मानक म्हणतं, घंटेचा आवाज निदान ६५ डेसिबल असावा, किंवा आजूबाजूच्या टिकून राहणाऱ्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त. कागदावर हे सोपं वाटतं. रत्नागिरीतल्या पत्र्याच्या छपराखाली जुलैच्या सरीत ज्याने वर्ग घेतला आहे, त्याला विचारा. शिक्षक फळ्यावर लिहून दाखवतात, कारण तिसऱ्या बाकापर्यंत आवाज जात नाही. हूटर बसवणारा माणूस मात्र येतो मार्च महिन्यात. शांत व्हरांड्यात बटण दाबतो, आवाज घुमतो, सही होते. चाचणी भर पावसात घ्यायला हवी, दारं-खिडक्या लावून, शेवटच्या वर्गात उभं राहून. ऐकू येत नसेल तर आणखी एक हूटर वर्गाजवळ हवा आणि त्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तो दिवा तसाही हवाच.

कायदा काय म्हणतो? 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा डिसेंबर २००८ पासून राज्यात लागू आहे. त्याप्रमाणे यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून तपासून दर जानेवारीत आणि जुलैत ती चालू असल्याचा दाखला द्यायचा, ज्याला सगळे 'बी फॉर्म' म्हणतात. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुलं जळून गेली. त्यानंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने मानलं आणि देशातल्या शाळांना अग्निशमन साधनं व प्रशिक्षण बंधनकारक केलं. तेव्हा बी फॉर्म मागणाऱ्या पालकाला शाळेने शत्रू समजू नये.

रत्नागिरी जिल्ह्याला आणखी एक धडा मिळालेला आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगड परिसरातल्या प्रकल्पातून वायू सुटला. जवळच्या शाळेतल्या मुलांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास अडकू लागला. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. नाव पुढे आलं इथिल मरकॅप्टनचं. गॅस गळतोय हे कळावं म्हणून एलपीजीत जो उग्र वास मिसळतात, तो याचाच. मूळ इंधनवायूला जाणवण्याजोगा वास नसतो. मार्च १९३७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली असा बिनवासाचा वायू साठत गेला आणि स्फोटात सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक मेले. वायूला वास देण्याची सक्ती त्यानंतर झाली. एका शाळेच्या मृत्यूंतून जन्मलेला हा इशारा जयगडला दुसऱ्या शाळेच्या छातीत गेला, हे वाचून मन सुन्न होतं.

घंटेच्या दृष्टीने जयगड एक नेमकी गोष्ट दाखवतं. आगीची घंटा झाली की मुलांनी मैदानात जायचं. वायू सुटला असेल तर मैदान हीच धोक्याची जागा असू शकते. तेव्हा वारा कुठून येतोय ते पाहून आत राहायचं, दारं-खिडक्या लावायच्या, किंवा वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचं. जयगड काय किंवा खेड तालुक्यातल्या लोटे औद्योगिक वसाहतीभोवतालची गावं काय, तिथल्या शाळांना एक घंटा पुरणार नाही. दोन वेगळ्या खुणा हव्यात आणि दोन्हींचा सराव हवा. हूटरच्या जोडीला माईक असेल तर उत्तम, म्हणजे शब्दांत सांगता येतं. प्रकल्पाकडून शाळेत थेट फोन येईल अशी व्यवस्था तर हवीच.

आणि वीस-पंचवीस पटाच्या, एका-दोन शिक्षकांच्या शाळा? त्यांना पॅनेल आणि डिटेक्टर घ्या असं मी म्हणणार नाही. तळमजल्याची, दोन खोल्यांची इमारत. तिथे रुळाचा तुकडाच पुरे. फक्त आगीचे टोल वेगळे ठरवा: न थांबता, भराभर. तो तुकडा लहान मुलाच्या हाताला येईल इतका खाली टांगा आणि पहिलीपासून सगळ्यांना सांगून ठेवा, की धूर दिसला तर विचारायला येऊ नका, आधी वाजवा. सड्यावरच्या शाळांना आणखी एक काम आहे. फेब्रुवारीपासून कातळावरचं गवत वाळतं आणि वणवा वाऱ्यासरशी कुंपणापाशी येतो. जानेवारी संपायच्या आत आवाराभोवती गवत कापून पट्टा मोकळा करावा. नगर परिषदेचा किंवा एमआयडीसीचा बंब तिथे पोहोचायला घाट आणि वळणं पार करावी लागतात. १०१ वर फोन लगेच करायचा, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं शाळेची आणि वाडीची असतात.

घंटा ऐकून मुलं वर्गाबाहेर पडली, की गाठ पडते जिन्याशी. राष्ट्रीय इमारत संहितेने शाळेच्या जिन्याला किमान दीड मीटर रुंदी सांगितली आहे. पुढच्या आठवड्यात जिने आणि दारं.