वैशाखातले माहेरपण

उन्हाळ्यात समुद्रावर पक्षी नसतात अशी आपली एक समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. थंडीभर गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे गाठ्यांच्या आशेने घिरट्या घालणारे कुरव चैत्र सरता सरता दिसेनासे होतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे वळतो. चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे तुतवार आणि टिलवे उत्तरेची वाट धरतात. किनारा ओस वाटू लागतो. पण वाचकहो, पाहुणे गेले म्हणून घर रिकामे झाले असे थोडेच असते? लेकीचे बाळंतपण नेमके त्याच सुमारास निघते!

ही लेक म्हणजे सुरय. कुरवाहून सडपातळ, टोकदार पंखांची, दुभंगलेल्या शेपटीची. सुरयांच्या काही जातींचे जमिनीशी नातेच मुळी बाळंतपणापुरते. पाठीने गडद तपकिरी, कपाळावर पांढरी पट्टी असलेली ‘ब्रायडल्ड टर्न’ वर्षाचा बराचसा काळ खुल्या समुद्रावर काढते आणि अंडे घालण्यापुरती बेटावर येते. तिचे आपल्याकडचे माहेर म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे ‘वेंगुर्ला रॉक्स’ हे खडकाळ बेटांचे झुबके. गोडे पाणी नाही, सावली नाही, मांजर नाही, कुत्रे नाही. आपल्याला जे गैरसोयीचे, तेच तिला सोयीचे!

या माहेराची कीर्ती जुनी आहे. राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे पक्षिशास्त्राचेही मोठे अभ्यासक. १८७५ साली लखदीवच्या सफरीच्या निमित्ताने पश्चिम किनाऱ्यावर हिंडताना ते या खडकांवर येऊन गेले. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४२ साली लेख लिहिला.

काही वर्षांपूर्वी वैशाखात एका ओळखीच्या तांडेलाच्या होडीतून मी ते खडक पाहायला गेलो. जवळ जाताच आभाळात कोलाहल उसळला. उघड्या कातळावर पिवळ्या चोचीच्या, काळ्या तुऱ्याच्या मोठ्या सुरयांची दाटी होती. मी उत्साहाने धोतर खोचावे तशी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरण्याच्या तयारीने उभा राहिलो. तांडेलाने होडी तिथेच थोपवली.

“मास्तरानू, वर चडू नकात. पाखरां उडाली काय अंडी वतात भाजतली.”

मी मुकाट्याने खाली बसलो. पक्षीण अंडे उबवते एवढेच मी पुस्तकात वाचलेले. वैशाखातल्या तापल्या कातळावर ती अंड्याला ऊब देत नसून सावली देत असते, हे मला त्या गृहस्थाने एका वाक्यात शिकवले. हौशी माणूस पक्षी ‘नीट’ पाहायला वर चढतो, पाखरे उडून जातात, आणि एकाच अंड्यावर भिस्त असलेल्या जोडप्याचा वर्षाचा संसार उन्हात शिजून जातो. पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पत्ता असूनही लुटणारे असतात, ती गोष्ट निराळी. यांतल्याच ‘बर्न्ट आयलंड’च्या गुहेत पाकोळ्यांची हजारोंची वसाहत आहे. काळोखात टिकटिक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट शोधतात आणि आपल्या लाळेने भिंतीला वाटीसारखी घरटी चिकटवतात. त्या घरट्यांचे सूप परदेशात चवीने पितात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथली घरट्यांची चोरी उजेडात आणली आणि संरक्षणाचा पाठपुरावा केला. माहेरीच दरोडा पडावा, तसला हा प्रकार!

लेकींचे झाले, आता अवचित येणाऱ्या अतिथींचे. वैशाख-ज्येष्ठात आपल्या खोल समुद्रावर ‘विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल’ नावाचा, मुठीत मावेल एवढा काळसर पक्षी येतो. त्याची वीण थेट अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर. तिकडे हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून तो आपल्याकडे येतो आणि पाय लोंबकळत ठेवून लाटांवर नाचल्यासारखा चरतो. त्याला आपण ‘दुर्मीळ’ म्हणतो. वास्तविक जगातल्या सर्वांत विपुल समुद्रपक्ष्यांत त्याची गणना होते. दुर्मीळ असते ते आपले खोल समुद्रावर जाणे!

म्हणूनच वादळाने असा पक्षी किनाऱ्यावर आणून टाकला की आपली त्रेधा उडते. माझीही उडाली. एका ज्येष्ठात, रात्रभराच्या तुफानानंतर, वाळूवर एक मोठा पांढरा पक्षी बसलेला दिसला. पंखांच्या कडा काळ्या, चेहरा काळा, चोच पिवळसर. जवळ गेलो तरी हलेना. समुद्राचा जीव समुद्रात जावा, या भाबड्या न्यायाने मी आणि दोन पोरांनी मिळून त्याला लाटांत सोडले. लाटेने त्याला परत आणले. आम्ही पुन्हा लोटले. सकाळी तो भरतीच्या रेघेवर मरून पडला होता.

तो ‘मास्क्ड बूबी’ होता हे मागाहून पुस्तकावरून कळले. ‘बूबी’ म्हणजे मूर्ख. माणसाला भीत नाही म्हणून खलाशांनी ठेवलेले नाव. त्या दिवशी वाळूवर मूर्ख कोण होते, हे सांगायला नको.

असा पक्षी पाण्याबाहेर पडला म्हणून तळमळत नसतो. तो उपासाने आणि वाऱ्याशी झुंजून थकलेला असतो. त्याला पुन्हा लाटांत लोटू नये. कापड टाकून अलगद उचलावे (चोच जपून!), भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत ठेवावे. तोंडात पाणी किंवा मासळी कोंबू नये. लगेच वनखात्याला कळवावे. अतिथीला पंचपक्वान्नांची नव्हे, विश्रांतीची गरज असते.

हा अंक हाती पडेल तेव्हा मांडव्याच्या बोटीमागे कुरव पुन्हा दिसू लागलेले असतील, आणि तो मुठीएवढा पेट्रेल अंटार्क्टिकाच्या वाटेवर असेल. पुढच्या वैशाखात सुरया पुन्हा माहेरी येतील. तेव्हा त्यांना जरूर पाहा. फक्त होडीतूनच पाहा!