‘च’ काढला की काय उरतं?

आज आपण दुखावणाऱ्या विचारांना प्रश्न कसे विचारायचे, ते पाहू.

काहीच कायम टिकत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतो. १९४९ मध्ये ती बंद पडली, १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तरी शेवटी ती गेलीच. पुढे इतर गिरण्याही गेल्या.

समजा, अशाच एका गिरणीतले एक काका आहेत. नोकरी जाऊन तीस वर्षं झाली. पण रोज संध्याकाळी कट्ट्यावर त्यांचं एकच वाक्य: ‘गिरणी बंद पडायलाच नको होती. माझं आयुष्यच संपलं.’ आता बघा, नोकरी एकदा गेली. वाक्य मात्र रोज येतं आणि रोज नव्यानं लागतं.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास नेमकं हेच मांडलं. घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला विचार बसलेला असतो. याचं श्रेय ते एपिक्टेटससारख्या प्राचीन तत्त्वज्ञांना देत. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत रुजवली. एलिस सांगतात, इच्छेनं त्रास होत नाही, हट्टानं होतो. आणि मराठीत हा हट्ट कुठे लपतो? बऱ्याचदा एका अक्षरात: ‘च’ मध्ये! ‘नको होती’ ही इच्छा. ‘पडायलाच नको होती’ हा हट्ट.

मग काकांच्या वाक्याला आपण तीन प्रश्न विचारू.

पहिला: हे खरं आहे का? गिरणी चालूच राहील, असा नियम होता कुठे? दुसरा: आयुष्य संपलं म्हणता, मग ही तीस वर्षं कोण जगलं? पोरं कोणी शिकवली? तिसरा: हा विचार धरून ठेवून मला मिळतं काय?

इथं कुणी विचारेल, म्हणजे अन्याय गुमान सोसायचा? मुळीच नाही. थकलेल्या देण्यांसाठी जरूर लढावं. वाईटही वाटू द्यावं. ते निरोगीच आहे. एलिस दुःख आणि खचणं यांत फरक करतात. दुःखी माणूस दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसतो. खचलेल्याला पेनही उचलवत नाही.

आणि आनंद? संक्रांतीचा गड्डा आठवा. नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, होम मैदान फुलून जातं. मग पाळणे उतरतात, मैदान रिकामं होतं. यात्रा संपली म्हणून ती फुकट गेली, असं आपण म्हणतो का? उलट, संपणार हे ठाऊक असतं म्हणून तर लेकरं ‘अजून एक चक्कर’ मागतात. नोकरी, तब्येत, आपली माणसं, सगळ्यांचं असंच आहे. कायम राहायलाच हवं, हा हट्ट सुटला की आहे ते हाताला लागतं.

तर या आठवड्यात एवढंच करूया. मन दुखलं की ते वाक्य कागदावर लिहायचं, त्यातला ‘च’ शोधायचा, तो खोडून पुन्हा वाचायचं. दुःख सगळं जाणार नाही. पण थोडी जागा होईल. त्या जागेत काय येतं, ते पुढच्या वेळी एकमेकांना सांगू.