आठ नॅनोमीटरचं बोलणं

तीन फुटांवर बसलेल्या माणसाशी आपण साध्या आवाजात बोलतो, तेव्हा त्याच्या कानाजवळची हवा कितीशी हलते? १ किलोहर्ट्झच्या सुरासाठी हिशोब केला तर सुमारे ८ नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा जवळपास दहा हजारावा भाग! दाबातला फरक तर वातावरणाच्या दाबाच्या पन्नास लाखाव्या भागाएवढा. एवढ्याशा थरथरीतून राग, लाड, टोमणे सगळं पोचतं. ही थरथर तारेत पकडून स्पीकरपर्यंत जाण्याजोगी करणारा प्री-अँप्लिफायर घरच्या टेबलावर तासाभरात जुळवता येतो, आणि जुळवताना जे कळत जातं ते थक्क करणारं आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘कंडेन्सर माइक’ मागितला की करंगळीच्या नखाएवढी पत्र्याची गोल डबी हातात पडते. एखादी जुनी डबी उघडून बघाच. वर काळं कापड, खाली धातूचा मुलामा दिलेला पातळ पडदा, मग नजरेला जेमतेम जाणवणारी फट आणि एक चकती. यातल्या पडद्यावर किंवा चकतीवर कायमचा विद्युतभार मुरवलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. १९६२मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ पडद्यावर हे साधलं. एक जर्मनीत जन्मलेला, दुसरा व्हर्जिनियात, दोघंही १९३१चे. पडदा हलला की फट कमीजास्त होते आणि व्होल्टेज बदलतं. ते इतकं नाजूक असतं की डबीतच एक चिमुकला ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. म्हणून तर या माइकला बॅटरी लागते.

तोंडाजवळ धरलेल्या माइकमधून काही मिलिव्होल्ट मिळतात, तीन फुटांवरून एक दशांश मिलिव्होल्ट. पुढच्या अँप्लिफायरला मात्र ०.३ व्होल्टच्या आसपास हवे असतात.

ही तफावत भरून काढणाऱ्या प्री-अँप्लिफायरचं सामान थोडकं आहे: ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, दोन कॅपॅसिटर. माइकच्या दोन टोकांपैकी जे डबीच्या पत्र्याला जोडलेलं दिसतं ते बॅटरीच्या ऋण टोकाला. दुसऱ्याला ४.७ किलोओहममधून धन टोक. माइकच्या याच दुसऱ्या टोकापासून १ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला वाट. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ऋण टोकाला, कलेक्टर आणखी एका ४.७ किलोओहममधून धन टोकाला, आणि कलेक्टर ते बेस १ मेगओहम. कलेक्टरवरून दुसऱ्या कॅपॅसिटरमधून आवाज बाहेर. मल्टीमीटरने कलेक्टरवर चार-साडेचार व्होल्ट दिसले की समजावं, जमलं.

आता यात घडतं काय? आवाज ‘मोठा केला’ असं आपण म्हणतो खरं, पण माइकमधून आलेले ते मिलिव्होल्ट कुणी फुगवत नाही. पिकाला पाणी देताना पाटाच्या तोंडाशी फावडंभर माती इकडची तिकडे केली की सगळा लोंढा वळतो. बेसवरचा इवलासा प्रवाह तेच काम करतो. चार-पाच मायक्रोअँपिअरच्या इशाऱ्यावर बॅटरीतून येणारा १ मिलिअँपिअर कमीजास्त होतो. बाहेर पडते ती बॅटरीची वीज, घाट फक्त आपल्या बोलण्याचा.

ही वाढ किती पट, याचं उत्तर मला या साऱ्यात सर्वांत सुंदर वाटतं. कलेक्टरच्या रेझिस्टरवर पडणारे व्होल्ट घ्या आणि ४०ने गुणा. साडेचार व्होल्टना १८० पट! (माइक आणि १ मेगओहमचा रेझिस्टर मिळून त्यातला बराच वाटा खातात, तरी हाती पुष्कळ उरतं.) हे ४० कुठल्याही कंपनीने ठरवलेले नाहीत. इलेक्ट्रॉनचा भार, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि खोलीचं तापमान यांतून २५ मिलिव्होल्ट निघतात, आणि १ व्होल्टमध्ये असे २५ मिलिव्होल्ट ४० वेळा मावतात. दुकानदाराने कुठल्याही डब्यातला ट्रान्झिस्टर काढून दिला तरी हा आकडा जवळपास तोच.

पुढच्या अँप्लिफायरचा आवाज वाढवला की मागे बारीक सळसळ ऐकू येते. तिच्यातला काही भाग सदोष जोडणीचा नसतोच. रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत धडपडत असतात, त्यांचा तो गलका! जॉन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने तो मोजला आणि नायक्विस्ट या अभियंत्याने त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८चे, आणि जॉन्सन त्याच बेल लॅब्जमधला. १० किलोओहमचा रेझिस्टर टेबलावर नुसता पडून असला, तरी ऐकू येण्याच्या पट्ट्यात त्याच्या टोकांशी २ मायक्रोव्होल्टच्या आसपास वीज थरथरत असते. ती पुसून टाकता येत नाही. पण माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला तर आवाजाचा दाब दुप्पट होतो आणि सळसळ होती तेवढीच राहते. म्हणून महागडे सुटे भाग आणायच्या आधी माइक जवळ घ्यावा.