खिडकी कुठे उघडते?

बीडमध्ये मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलेल्याला हा विषय लगेच उमगेल. डोक्यावर सावली असते, पंखाही गरगरतो, तरी टाळू भाजते. तापलेला पत्रा उष्णतेचे अदृश्य किरण थेट अंगावर टाकतो आणि पंखा ते अडवू शकत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांची पाचटाची कोपी या बाबतीत सरस: पाचटात अडकलेली हवा उन्हाला आडवी येते. अगदीच असह्य झालं, तर आपण उठून लिंबाखाली जाऊन बसतो. पण ज्याच्या दाराला कडी बाहेरून आहे, त्यानं काय करायचं?

परदेशी नागरिकांच्या स्थानबद्धता केंद्रांपुढचा हा खरा प्रश्न आहे. व्हिसाची मुदत संपलेले, शिक्षा भोगून झालेले, मायदेशी पाठवणीची वाट पाहणारे लोक तिथे असतात. तो तुरुंगवास नव्हे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१९ च्या नियमावलीत केंद्र तुरुंगाच्या आवाराबाहेर असावं, खोल्या उजेडाच्या आणि हवेशीर असाव्यात, कुटुंबांची ताटातूट होऊ नये, असं म्हटलं आहे. त्याच वर्षी गोव्याचं पहिलं केंद्र म्हापशात सुरू झालं, ते मात्र जुन्या उपकारागृहाच्या इमारतीत.

पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या, तर शरीराला काय कळतं? खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी जातात, हे रॉजर उलरिक यांचं १९८४ चं संशोधन पुष्कळांना माहीत असतं. मला त्याहून मोलाचे वाटतात त्यांच्या आधीचे अर्नेस्ट मूर. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते. अमेरिकेत मिशिगनच्या जॅक्सन तुरुंगात काही कोठड्या आतल्या अंगणाकडे उघडत, काही बाहेरच्या शेतांकडे. अंगणाकडच्या कैद्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या २४ टक्क्यांनी जास्त भरल्या. हा अभ्यास एकाच तुरुंगातला, हे खरं. अंगणातला गोंगाट, सतत कुणाची तरी नजर, हीही कारणं असू शकतील. पण नीट पाहिलं तर ही सगळी कारणं वास्तुविशारदाच्या कागदावरच ठरलेली असतात!

म्हणून नुसतं ‘हवेशीर’ लिहून भागणार नाही. भर दुपारी छताची आतली बाजू किती तापावी, आणि कॉटवर बसल्या जागेवरून किती आकाश दिसावं, हे आराखड्यात आकड्यांनी लिहिता येतं. असं केंद्र कुठेही उभं राहणार असेल, तर निविदा निघण्याआधी ते आकडे मागा.