कादंबरीही पारखून घ्या

बियाणे घेताना आपण पिशवी उलटून तारीख पाहतो, शेजाऱ्याला अनुभव विचारतो आणि मगच पैसे मोजतो. कथा-कादंबरी मात्र "आपल्याला त्यातले काय कळते?" म्हणून बाजूला ठेवतो. अहो, शेतकऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकाची पारख शेतकऱ्याइतकी दुसरे कोण करणार?

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' घ्या. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेल्या एकनाथला नोकरी नाही, कोरडवाहू शेती पुरत नाही आणि त्या ओढाताणीत संसार विस्कटतो. मुलूख विदर्भाचा, पण करमाळा-सांगोल्याकडच्या घरांनाही ओळखीचा वाटेल. एवढी जाड कादंबरी झेपत नसेल तर आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह घ्या. त्यालाही २०१६ साली हाच पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारच्या तुळजापूरचे देविदास सौदागर यांनी 'उसवण'मध्ये तयार कपड्यांमुळे काम सुटत चाललेला शिंपी रंगवला. त्यांना २०२४ चा युवा पुरस्कार लाभला.

पुरस्कार पाहून मान डोलावू नका, स्वतः तपासा. पहिले, कामाची माहिती खरी आहे का? कुणी आपल्याकडची रब्बी ज्वारी दिवाळीत काढायला लावली, तर तिथे खूण करा. दुसरे, सावकार नुसता दुष्ट आणि शेतकरी नुसता भोळा, अशी माणसे गावात असतात का? तिसरे, घरातल्या बाईला तोंड आहे का? खुरपणीपासून कर्जाच्या काळजीपर्यंत ती बरोबरीची असते. पुस्तकात ती फक्त रडत असेल, तर अर्धे घर लिहायचे राहिले.

याचा घराला उपयोग काय? पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा बापालाच ठाऊक असतो आणि मुलाची निराशा मुलालाच. समोरासमोर बोलायला जीभ उचलत नाही. एकनाथबद्दल बोलणे मात्र सोपे जाते. रात्री जेवणे झाल्यावर एकाने दहा पाने मोठ्याने वाचावीत. मग विचारावे, "त्याच्या जागी तू असतास तर काय केले असतेस?" उत्तर मध्येच तोडू नका. पुस्तकाने कर्ज फिटत नाही. पण मनात कोंडलेली गोष्ट वेळेवर बाहेर येते.

सुगी आटोपली की गावच्या वाचनालयातून एक पुस्तक आणा. संपल्यावर वहीत चार ओळी लिहा : काय पटले, काय खटकले आणि का. यालाच परीक्षण म्हणतात. घरातल्या सुनेला आणि मुलीलाही ते लिहू द्या.