काना, वेलांटी आणि उपनगरातलं मूल

मुंबईच्या उपनगरांत मूल तीन वर्षांचं झालं की घरात पहिली चर्चा माध्यमाची होते. अंधेरीच्या सोसायटीत असो की घाटकोपरच्या चाळीत, प्रश्न तेच. मराठी की इंग्रजी? सेमी-इंग्रजी मिळेल का? फी किती, स्कूलबस दारापर्यंत येते का? या सगळ्या विचारपुशीत एक प्रश्न क्वचितच ऐकू येतो: या शाळेत मूल वाचायला नेमकं कसं शिकतं, आणि नाही शिकलं तर ते कुणाच्या लक्षात येतं? मला तर सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारावासा वाटतो. त्याचं उत्तर शोधण्याचं जे काम पुढे जगभर पोचलं, त्याचा मोठा भाग याच शहराच्या महापालिका शाळांमध्ये झाला आहे.

'प्रथम' ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि समाजकार्य शिकवणाऱ्या फरीदा लांबे यांनी वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून सुरुवात केली. बालवाडीला इमारत हवी, हा आग्रहच ठेवला नाही. देऊळ, एखादं कार्यालय, कुणाच्या घरातली खोली, जिथे जागा मिळाली तिथे वर्ग भरला, आणि शिकवायला त्याच वस्तीतली मुलगी उभी राहिली. पुढे काम शाळांच्या आत गेलं तेव्हा दुसरंच दुखणं समोर आलं. मुलं पटावर होती, वर्गात येत होती, वरच्या इयत्तेत ढकललीही जात होती. तरी तिसरी-चौथीतल्या साधारण चारातल्या एका मुलाला अक्षरंसुद्धा ओळखता येत नव्हती. शिक्षक वाईट होते म्हणून हे झालं नाही. त्यांना चौथीचं पुस्तक संपवायचं होतं, आणि ते पुस्तक वर्गातल्या कित्येक मुलांसाठी उघडतच नव्हतं.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे 'बालसखी'. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या, शाळेच्या परिसरातच राहणाऱ्या तरुणीला जेमतेम दोन आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायचं. तिनं मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायचं आणि त्यांना येतं तिथून पुढे शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, सगळ्यात मागे असलेल्या मुलांची तर विशेष. हेच दोघं २०१९ साली अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. मात्र त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. फायदा भाषेपेक्षा गणितात जास्त झाला, आणि बालसखी थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरला. मला या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. अक्षरओळख काही महिन्यांत करून देता येते. वाचन टिकायला मात्र रोज हाताशी काहीतरी वाचण्याजोगं लागतं.

याच कामातून २००५पासून 'असर'ची पाहणी सुरू झाली. घरोघरी जाऊन एकेका मुलापुढे एक कागद धरायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट. २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. पण 'असर' ग्रामीण भागापुरतीच आहे. सगळाच्या सगळा शहरी असलेला मुंबई उपनगर जिल्हा तिच्यात येत नाही. आपल्या गल्लीतली किती मुलं या कागदावर कुठे अडखळतील, हे त्या अहवालात सापडत नाही. पण तो कागद आपणही घरच्या घरी, आपल्या मुलापुढे धरू शकतो.

मूल अडखळतं तरी कुठे? उपनगरातल्या पालकांनी हे पाहायला लोकलच्या खिडकीशी बसावं. मालाड ही पाटी सोपी. तीन अक्षरं आणि नुसता काना. गोरेगावला मात्रा येते. बोरिवलीला वेलांटी घोटाळा करते, कारण 'रि'मध्ये ती र-च्या आधी लिहायची आणि नंतर म्हणायची. डावीकडून उजवीकडे नीट वाचत जाणारं मूल इथे थबकतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. जोगेश्वरीत जोडाक्षर आहे, कुर्ल्यात रफार. घाटकोपरमध्ये 'ट' पूर्ण लिहिलेला असतो, पण आपण तो 'घाट्' असाच म्हणतो. हे मुलाला ऐकूनच कळतं, पाटीवर तशी खूण नसते. विक्रोळीच्या मराठी पाटीवर 'ळ' असतो, शेजारच्या हिंदी पाटीवर 'ल'. देवनागरी वाचायला लागणारं जवळजवळ सगळं पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या या दोन मार्गांवर सापडतं, तेही मुलानं आधीच शंभरदा ऐकलेल्या नावांत.

जुन्या पद्धतीत हे सगळं रांगेनं यायचं. आधी सगळी मुळाक्षरं, मग काना, मग वेलांट्या, मग बाराखडी. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशेच्या वर रूपं. एखादं खरंखुरं वाक्य मुलाच्या वाट्याला येईपर्यंत त्याचा उत्साह मावळलेला असायचा. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वस्तीतल्या मुलांना शिकवताना ही रांग मोडली. त्यांच्या कमला निंबकर बालभवनात मोजकी अक्षरं घेऊन लगेच शब्द आणि वाक्यं येतात, आणि ती मुलाच्या बोलण्यातली असतात.

त्याआधीची एक वाट याच पश्चिम रेल्वेवर, विरारच्या पुढे, डहाणू तालुक्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढलं. पुढे बोर्डी आणि मग कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांच्या लक्षात आलं की मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा झाली. कोसबाडला बाई मुलाच्या अंगणात गेल्या. मुंबईत बालसखी मुलाच्या वाचनाच्या पायरीवर येऊन बसली. या दोन कामांत मला एकच समज दिसते, आणि उपनगरातल्या इंग्रजी शाळांच्या ज्युनिअर केजीत तीच हरवलेली दिसते. तिथे चार वर्षांच्या मुलानं ओळीत अक्षरं गिरवली नाहीत तर डायरीत शेरा येतो.

इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाचं ओझं तर आणखी वेगळं. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार. युरोपातल्या तेरा भाषांच्या २००३च्या तुलनेत इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना प्राथमिक वाचन जमायला इतर बहुतेकांपेक्षा दुपटीहून जास्त काळ लागल्याचं दिसलं, आणि तीही ज्यांची घरची भाषा इंग्रजीच आहे अशी मुलं. आपल्याकडे जी भाषा मूल बोलत नाही, तिच्यातच ते पहिल्यांदा वाचायला बसतं. अशी मुलं पुष्कळदा पान खडाखडा म्हणून दाखवतात आणि त्यातलं काय कळलं, ते सांगू शकत नाहीत. आईवडिलांना वाटतं, छान वाचतोय.

१६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणली, आणि विरोधानंतर २९ जूनला माघार जाहीर झाली. तो वाद अस्मितेचा झाला, आणि ते स्वाभाविकही होतं. पण सहा वर्षांच्या मुलाला आधी एका भाषेत नीट वाचता यावं, हा साधा शैक्षणिक मुद्दा त्यात मागे पडला. लिपी एकच म्हणून हिंदीचा भार पडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी विक्रोळीच्या दोन पाट्या आठवाव्यात.

इंग्रजी माध्यमाची निवड झाली असेल तर त्यावरून पालकांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण मराठी वाचन घरी शिकवता येतं, आणि बोलणारं मूल ते बऱ्यापैकी लवकर उचलतं, कारण अक्षर ओळखलं की बहुतेक शब्द उलगडतो. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, बोट ओळीखालून फिरवत. मग मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून द्यायचं आणि तेच त्याला वाचायला द्यायचं. 'आजीनं भाकरी केली' हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही वाक्याइतकंच चांगलं, आणि त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. घरी आईवडील उशिरा येतात, कल्याण-विरारची गर्दी अंगावर घेऊन येतात, हे खरं. आजी-आजोबा, वरच्या वर्गातली ताई, शेजारची कॉलेजातली मुलगी हे काम उत्तम करतात. बालसखी तरी याहून वेगळी कुठे होती?

पुस्तकांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत, 'वाचू आनंदे' आहे, बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांनी उपनगरांत ग्रंथालयं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत. कमी पडतं ते मुलाच्या उंचीवर ठेवलेलं पुस्तक. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये पुस्तकं कपाटात कुलूपबंद नसावीत, पहिली-दुसरीच्या वर्गात उघडी असावीत. तिसरी-चौथीला रोज एक तास इयत्ता विसरून, वाचनाच्या पायरीप्रमाणे गट बसावेत. पालकसभेत गुणपत्रिकेवर सही करण्याआधी आईनं किंवा बाबांनी बाईंना एवढंच विचारावं: माझं मूल आज अक्षरावर आहे, शब्दावर आहे, की गोष्टीवर?